चुन्याची गोणी घेण्याआधी

माझं सासर पेण तालुक्यातल्या खारपट्टीत, धरमतरच्या खाडीच्या अंगाला. माहेर रोह्याकडे, कोलाडच्या पुढे डोंगरउताराला. आई गेल्यावर माहेरची जमीन दादा आणि मी एकत्रच कसतो. त्यामुळे एकच प्रश्न मला दोन्ही गावांत विचारला जातो: शेतात चुना टाकावा का? उत्तर दोन्हीकडे वेगळं आहे. एकाच्या शेतात गुण आला म्हणून दुसऱ्याने गोणी आणली आणि पैसे वाया गेले, असं आमच्या भागात वारंवार घडतं. म्हणून जे कळत गेलं ते इथे मांडते.

1. आधी जमीन ओळखा

सासरची जमीन काळसर, चिकट. बांधापलीकडे खाडी. उधाणाला उघाडी नीट बसली नाही किंवा बांधाला खांड गेली की खारं पाणी शिवारात शिरतं आणि पुढे काही हंगाम भात कसंबसं उभं राहतं. उन्हाळ्यात ढेकळांवर पांढरी पापुद्री धरते. ती पाहून पुष्कळांना वाटतं की जमीन बिघडली, आता चुना मारायला हवा. पण ती पापुद्री मिठाची असते. या जमिनीचा सामू बहुतेक ठिकाणी सातच्या आसपास किंवा त्याहून वर असतो. तिचा दोष क्षारांचा आहे, आंबटपणाचा नाही. चुनखडी आंबटपणा मारते, मीठ धुऊन काढत नाही. मीठ धुतो तो पाऊस, आणि धुतलेलं पाणी बाहेर काढून देते ती उघाडी. खारात पैसा घालायचाच असेल तर बांध, उघाडी आणि बियाणं यांत घाला. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल 1, 2 आणि 3 या भाताच्या जाती खाऱ्या जमिनीसाठीच काढल्या आहेत.

माहेरची जमीन तांबडी, मुरमाड, वरकस. पावसाळ्यात तिच्यावर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. एवढं पाणी मातीतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन जातं. मागे उरतं ते लोह आणि ॲल्युमिनियम. सामू साडेपाचच्या खाली उतरला की ॲल्युमिनियम विरघळायला लागतं आणि पिकाच्या मुळांची टोकं आखूड, जाड होतात. मुळं खोल जात नाहीत, पाऊस थांबला की पीक लगेच मान टाकतं. स्फुरदाचं खत घाला, लोह आणि ॲल्युमिनियम ते धरून ठेवतात, पिकाला थोडंच मिळतं. चुन्याचं काम आहे ते या जमिनीत.

खारातही डोळे मिटून निर्णय नको. जिथे पूर्वी कांदळवन होतं अशी माती वाळली, हवा लागली, की कधी कधी तीव्र आंबट होते. केरळातल्या कुट्टनाडची काही जमीन याच कारणासाठी प्रसिद्ध आहे, तिथे सामू चारच्याही खाली जातो. तेव्हा माती पाहायची ती तपासूनच.

2. माती काढण्यात घाई नको

प्रयोगशाळा तुम्ही दिलेल्या अर्ध्या किलो मातीचाच निकाल देते. ती अर्धा किलो माती अख्ख्या शेताची असली पाहिजे. शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागा घ्या. वरचा काडीकचरा बाजूला करा, वीतभर खोल इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्या आणि त्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून घ्या. सगळी एकत्र कालवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले पुन्हा कालवा, असं अर्धा किलो उरेपर्यंत. सावलीत वाळवा आणि कापडी पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या गोणीत माती नेऊ नका, निकाल चुकतो.

कुठली माती घ्यायची नाही, हे आमच्याकडे जास्त महत्त्वाचं: बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताचा ढीग असलेली, आणि राब भाजलेल्या जागेची. माळ आणि खाचर यांची माती एकत्र करू नका. उताराचा वरचा भाग आणि खालचा भागही वेगळा ठेवा.

रोहा तालुक्यात किल्ला इथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे. पेण आणि रोहा दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना ते जवळ आहे. शिवाय 19 फेब्रुवारी 2015 ला सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं अशा 12 गोष्टी कळतात.

पण सामू कळला म्हणजे चुना किती हे कळलं, असं नाही. दोन शेतांचा सामू सारखाच साडेपाच असेल, तरी चिकणमातीच्या आणि पालापाचोळा मुरलेल्या शेताला रेताड शेताच्या कितीतरी पट चुना लागतो, कारण त्या मातीने आंबटपणा आत साठवून ठेवलेला असतो. म्हणून नमुना देतानाच सांगा, ‘चुन्याची गरजही काढून द्या.’ ही तपासणी वेगळी असते आणि मागितल्याशिवाय बहुधा होत नाही.

3. भाताला शेवटी, वालाला आधी

आमच्याकडे शेती म्हटली की भात, त्यामुळे चुन्याचा विचारही आधी भातासाठी होतो. माझं मत उलट आहे. खाचरात पाणी साचलं की मातीतली हवा संपते आणि काही आठवड्यांत आंबट मातीचा सामू आपोआप साडेसहा-सातकडे सरकतो. लावणीनंतर पाण्यात उभ्या भाताला निसर्गच हा आधार देतो. कुट्टनाडसारख्या फार आंबट जमिनीत गोष्ट वेगळी. केरळ कृषी विद्यापीठ भाताला हेक्टरी 600 किलो चुना सुचवतं, 350 किलो पहिल्या नांगरटीला आणि 250 किलो साधारण महिन्याने. आपली खाचरं बहुतेक तेवढी आंबट नाहीत.

भात कापल्यावर पाणी ओसरतं, हवा परत येते आणि सामूही परत खाली उतरतो. नेमका त्याच वेळी आपण अंगओलीवर वाल पेरतो. वालाच्या मुळांवर गाठी धरतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात, आणि या जिवाणूंना आंबट माती सोसत नाही. तूर, मूग, चवळी, भुईमूग यांचंही तेच. वालाचं रोप फुलावर यायच्या आधी अलगद उपटा, मुळं पाण्यात धुवा, एखादी गाठ नखाने फोडा. आत लालसर दिसली तर ती काम करते आहे. पांढरी, हिरवट किंवा मुळावर गाठीच नाहीत, तर माती तपासायला द्या. माहेरच्या शेतात चुना दिलेल्या भागातल्या आणि न दिलेल्या भागातल्या वालाच्या मुळांत जो फरक मी पाहिला, त्याने माझा या गोष्टीवर विश्वास बसला.

पैसा थोडा असेल तर माझा क्रम असा: आधी कडधान्य आणि भाजीपाल्याचे तुकडे, मग आंबा-काजू, शेवटी भात. डोलवहाळच्या बंधाऱ्यातून निघालेल्या कालव्याच्या पाण्यावर रोह्यात जे उन्हाळी भात आणि भाजी करतात, त्यांनी भाजीच्या वाफ्यांपासून सुरुवात करावी.

4. राबाची राख हाही चुनाच

आपले वाडवडील चुनखडी विकत आणत नव्हते, पण रोपवाटिकेला चुना देत होते. ऐन, किंजळ यांचे कवळ, शेणी, गवत, पातेरा रचून त्यावर मातीचा थर देऊन राब भाजायचा. भाजण्यात तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, आणि राखेतून कॅल्शियमचे व पोटॅशियमचे कार्बोनेट मातीत उतरतात. लाकडाच्या राखेत आंबटपणा मारण्याची ताकद चुनखडीच्या साधारण निम्मी असते, कमी-जास्त होते ती लाकडाप्रमाणे. वर पालाश मिळतो तो वेगळा.

राबासाठी झाडं ओरबाडावीत असं मी म्हणत नाही. डोंगर उघडे पडले त्यात राबाचाही वाटा आहे. पण चुलीची राख आजही पुष्कळ घरांतून गटारात जाते. ती कोरडी ठेवा, पावसात भिजली तर तिच्यातला पालाश निघून जातो. परसातल्या भाजीला आणि वालाच्या वाफ्याला ती पुरते. फक्त प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड, छापील कागद जाळलेली राख नको. आणि खारात राख नको, तिथे क्षार आधीच भरपूर आहेत.

5. तीन चुने, तीन हिशेब

दुकानात ‘चुना’ या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात. चुनखडी दळून केलेली भुकटी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना. कळीवर पाणी मारलं की विरलेला चुना, ज्याची फक्की आपण मैदान आखायला वापरतो. 100 किलो शुद्ध चुनखडीचं काम विरलेला चुना 74 किलोत करतो आणि कळीचा चुना 56 किलोत. डोलोमाईट 92 किलोच्या आसपास, शिवाय त्यात मॅग्नेशियम असतं, जे आपल्या तांबड्या मातीतून हमखास धुऊन गेलेलं असतं. माळाच्या जमिनीला मी डोलोमाईट पसंत करते. मातीच्या निकालात मॅग्नेशियम पुरेसं दिसलं तर साधी चुनखडी घ्या.

कळीचा चुना कमी लागतो म्हणून मोह होतो. शेतात तो नको. पाणी लागताच तो उकळतो, हात-डोळे भाजतो, आणि मातीला एकदम झटका देतो. दळलेली चुनखडी सावकाश काम करते, जास्त झाली तरी तिचा तेवढा त्रास नाही.

गोणीच्या भावाकडे पाहू नका, गोणीतल्या कामाच्या मालाकडे पाहा. समजा 50 किलोची एक गोणी 300 रुपयांना आहे आणि तिच्यावर उदासीनीकरण क्षमता 90 टक्के लिहिली आहे. दुसरी 240 रुपयांना आहे, क्षमता 60 टक्के. पहिलीत 45 किलो कामाचा माल, किलोला पावणेसात रुपयांच्या आत. दुसरीत 30 किलो, किलोला आठ रुपये. स्वस्त दिसणारी गोणी महाग ठरली. आकडे मी हिशेब दाखवायला घेतले आहेत, तुमच्या दुकानातला भाव घालून हेच गणित करा. क्षमता गोणीवर छापलेली नसेल आणि दुकानदाराकडे तपासणीचा कागदही नसेल, तर ती गोणी घेऊ नका.

भावात वाहतुकीचा वाटा मोठा असतो, कारण आपला सह्याद्री काळ्या कातळाचा आहे, त्यात चुनखडीच्या खाणी नाहीत. महाराष्ट्रातले चुनखडीचे मोठे साठे वणी, राजुरा, कोरपना या बाजूला, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या टोकाला. नाही तर माल गुजरात-राजस्थानातून येतो. पाच-दहा गोण्या एकट्याने आणण्यापेक्षा गटाने गाडी भरून आणली तर प्रत्येकाला शेतापोच भाव कमी पडतो. आमच्याकडे हेच करतो.

6. पांढरं ते सगळं चुना नव्हे

हे पेणकरांसाठी मुद्दाम लिहिते. पेण शहरात, हमरापूर-जोहे पट्ट्यात गणपतीचे कारखाने आहेत. तुटलेल्या मूर्तींचं, साच्यातून सांडलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस ढिगांनी पडलेलं असतं, आणि ‘चुन्यासारखंच आहे, शेतात टाका’ असं सांगणारे भेटतात. प्लास्टर ऑफ पॅरिस भाजलेल्या जिप्समपासून होतं, पाणी लागलं की पुन्हा जिप्सम होतं. जिप्सममध्ये कॅल्शियम आहे, पण ते आंबटपणा मारत नाही. कितीही घातलं तरी सामू वर चढणार नाही. जिप्समचा उपयोग सोडियमने घट्ट झालेल्या चोपण जमिनीला, तोही माती तपासून. आणि रंग लागलेल्या मूर्तींचे तुकडे तर कुठल्याच शेतात नकोत, रंगातले जड धातू मातीतून निघत नाहीत.

घरच्या घरी ओळखायची खूण सोपी आहे. चमचाभर भुकटीवर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. चुनखडी असेल तर फसफसेल. डोलोमाईट हळू फसफसतं, व्हिनेगर थोडं कोमट केलं तर स्पष्ट दिसतं. जिप्सम शांत राहतं. ताजा विरलेला चुनाही फारसा फसफसत नाही, पण तो हाताला चुणचुणतो आणि हळद लाल करतो.

कुणी गाडीवाला कारखान्यातला पांढरा गाळ फुकट टाकून देतो म्हणाला तर हात जोडा. त्यात चुना असेलही, पण सोबत काय आहे ते प्रयोगशाळेच्या कागदाशिवाय कळत नाही, आणि एकदा शेतात पसरलेला गाळ परत गोळा करता येत नाही.

शिंपल्यांविषयीही विचारतात. कोकणच्या किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करण्याची रीत जुनी आहे, आणि शिंपला जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेटच असतो. मात्र अख्खा शिंपला मातीत वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. भाजून किंवा बारीक कुटूनच घाला.

7. बारीक आणि कोरडं

चुनखडी पाण्यात जवळपास विरघळत नाही. तिचा कण मातीला जिथे चिकटतो तिथेच काम करतो. म्हणून कण जितका बारीक तितका लवकर गुण. पिठासारखी भुकटी एका हंगामात काम दाखवते, रव्यासारखी दोन-तीन वर्षं घेते, आणि ज्वारीच्या दाण्याएवढे खडे म्हणजे फक्त खडे. दुकानात मूठभर घेऊन बोटांत चोळा, शक्य असेल तर मैद्याच्या चाळणीतून पाव किलो चाळून वर किती राहतं ते पाहा.

एका हंगामात आम्हाला आलेल्या गोण्या ओल्या होत्या. वजन बरोबर भरलं, पण त्यात पाण्याचाही भाव दिला गेला, आणि ओले गोळे शेतात सारखे पसरेनात. तेव्हापासून गोणी फोडून पाहिल्याशिवाय आम्ही गाडी खाली करून घेत नाही.

8. गुंठ्याचा हिशेब

अहवालात शिफारस हेक्टरी टनांत येते आणि आपले तुकडे गुंठ्यांत. हेक्टरी 1 टन म्हणजे गुंठ्याला 10 किलो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. हेक्टरी 2 टन सांगितलं तर गुंठ्याला 20 किलो. ही शिफारस शुद्ध चुनखडीची असेल आणि तुमच्या मालाची क्षमता 80 टक्के असेल, तर 20 ला 0.8 ने भागा, 25 किलो.

सांगितल्यापेक्षा जास्त घालू नका. सामू सातवर नेण्याची आपल्या पिकांना गरज नाही, सहा-साडेसहा पुष्कळ झाला. त्यापुढे लोह, जस्त, बोरॉन पिकाला मिळेनासे होतात आणि कोवळी पानं पिवळी पडतात. मात्रा मोठी असेल तर दोन वर्षांत विभागून द्या.

9. पसरणं

चुनखडीला ओल लागते आणि वेळ लागतो. माळावर मी ती वैशाखात, पहिला वळीव पडून गेल्यावर नांगरटीबरोबर देते, म्हणजे पावसाळाभर तिचं काम चालतं. भाजीच्या वाफ्यांना लावणीच्या महिनाभर आधी. उतारावर नुसती वर टाकून ठेवू नका, जूनचा पहिला जोरदार पाऊस ती ओढ्यात नेईल. वीतभर मातीत मिसळलीच पाहिजे. आंबा-काजूला बुंध्याशी ढीग न करता फांद्यांच्या घेराखाली पसरून हलकी खणणी करा.

दोरीने गुंठ्या-गुंठ्याचे चौकोन आखा, प्रत्येकाचा वाटा आधी मोजून ठेवा. अर्धा उभा फेका, अर्धा आडवा. काम सकाळी करा, दुपारी खाडीवरून वारा सुटला की अर्धी भुकटी शेजाऱ्याच्या शेतात. नाकातोंडाला फडकं, डोळ्यांना चष्मा, अंगभर कपडे. डोळ्यात गेलं तर चोळू नका, पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाणी सोडत राहा आणि दवाखाना गाठा.

युरिया, सुफला, ताजं शेण यांच्यासोबत चुना कधीही मिसळू नका. नत्र अमोनिया होऊन उडतो, तो उग्र वास म्हणजे तुमच्या खताचे पैसे. सुपर फॉस्फेटही बरोबर नको. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

आणि एक पट्टा मुद्दाम कोरा ठेवा. चुना दिलेलं आणि न दिलेलं शेजारी उभं असेल तरच खरा फरक कळतो. पाऊस चांगला झाला म्हणून पीक आलं की चुन्याने, हे दुसऱ्या कशाने ठरत नाही.

10. युरियाची गोणी मोजा

अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्सचा युरियाचा कारखाना आहे. युरिया आपल्या दारात तयार होतो आणि आपण तो सढळ हाताने टाकतो. 100 किलो युरियाने मातीत तयार होणारा आंबटपणा मारायला सुमारे 80 किलो चुनखडी लागते. म्हणजे 45 किलोच्या एका गोणीमागे 36 किलो. अमोनियम सल्फेटला त्याहून जास्त, 100 किलोमागे सुमारे 110. आम्ही दरवर्षी किती गोण्या गेल्या ते वहीत लिहितो, त्यावरून पुढची तपासणी कधी करायची ते कळतं. साधारण तीन वर्षांनी माती पुन्हा द्या. शेणखत आणि हिरवळीचं खत वाढवलं तर युरिया कमी लागतो, आणि मग चुनाही.

पेण-रोह्याच्या माळावर, वरकसावर कडधान्य आणि भाजी करणाऱ्यांना माझी विनंती आहे: भात निघालं की पेरणीआधी माती काढा, किल्ल्याच्या केंद्रात द्या, चुन्याची गरज लेखी मागा. आणि ज्यांच्या अहवालात ती निघेल, त्या पाच-दहा जणांनी मिळून एकच गाडी मागवा.